बुरुजाखालची माती

आमच्या गावातल्या गढीच्या दरवाज्यापाशी पंचायतीने एक निळा फलक लावला आहे. त्यावर गढीचा इतिहास आहे आणि तो मी लिहिला आहे. त्यातली एक ओळ अशी आहे: 'राखणदाराच्या दुर्लक्षामुळे उत्तरेकडील बुरुज ढासळला.' ही ओळ खोटी आहे. लिहिताना ती खोटी आहे हे मला माहीत होतं. बुरुजाच्या पायथ्याची माती मी काढून नेली होती, आणि राखणदार त्या दिवशी गावात नव्हते.

एवढं सरळ लिहायला मला बारा वर्षं लागली. या बारा वर्षांत मी फार काही भोगलं असंही नाही. नोकरी चालू राहिली, बढती मिळाली, मुलीचं लग्न झालं. फक्त गढीवरून जाताना मान खाली जायची, आणि दिवसातून चारदा तिथूनच जावं लागायचं. माणूस अशानेही थकतो.

गढी म्हणजे किल्ला नव्हे. पाहुण्यांना आम्ही 'चला, किल्ला दाखवतो' म्हणतो आणि ते वर आले की आम्हीच ओशाळतो. साखरखेर्ड्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक उंचवटा, त्यावर मातीची जाड भिंत, भिंतीच्या पायाला छातीइतकं दगडकाम, चार कोपऱ्यांत चार बुरुज आणि पूर्वेला एकच दरवाजा. दरवाज्यातून आत शिरलं की दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या. पुढे चौक. चौकापलीकडे लाकडी खांबांची सदर. सदरेमागे जहागीरदारांचा राहता महाल होता म्हणतात. मला कळतं तेव्हापासून तिथे पांढऱ्या मातीचा ढीगच आहे.

जहागीरदारांबद्दल गावाला फारसं आठवत नाही. सदरेवर बसून ते सारा घेत आणि भांडणं तोडत, एवढं. जहागिरी गेल्यावर ते घराणं नागपूरला गेलं आणि जाताना गढी गावाला वापरायला देऊन गेलं. पुढची पन्नास-साठ वर्षं गावाने ती अशी वापरली, की जहागीरदारांनीही तेवढी वापरली नसेल.

आधी सदरेत शाळा भरली. पहिली ते चौथी, एकच मोठी खोली, प्रत्येक वर्गाने एकेक खांब वाटून घेतलेला. मी तिसरीच्या खांबाला टेकून पाढे म्हटले आहेत. पहिलीचे पाढे आणि चौथीचा भूगोल एकाच वेळी कानावर पडायचा, त्यामुळे आमच्या पिढीला सगळंच अर्धं अर्धं येतं. नंतर सोसायटीने अर्ध्या सदरेत बियाणं आणि खत ठेवायला सुरुवात केली. मधे तट्ट्याचा आडोसा. पलीकडून औषधाचा उग्र वास यायचा आणि दुपारपर्यंत डोकं धरायचं. आठवड्यातून दोन दिवस चौकात गुरांचा डॉक्टर बसायचा. जहागीरदारांच्या घोड्यांसाठी भिंतीत लोखंडी कड्या होत्या, त्यांना लोक बैल बांधायचे आणि डॉक्टर सुई टोचायचा. निवडणुकीला तिथेच मतदान. मी पहिलं मत दिलं ते तिसरीत असताना जिथे अंगठे धरून उभा होतो, त्याच जागेवर. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी खालच्या आळीत शिरलं, तेव्हा सात-आठ घरं दोन महिने सदरेत राहिली आणि शाळेला आपसूक सुट्टी मिळाली.

मग शाळेला गावाबाहेर नवी इमारत झाली, सोसायटीने पत्र्याचं गोदाम बांधलं, डॉक्टर बसायचा बंद झाला. गढीत शेवटी एकच माणूस उरला. राखणदार. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत होतो.

त्यांचं घराणं जहागीरदारांच्या वेळेपासून दरवाज्यावर होतं. उजवीकडच्या देवडीत त्यांचं घर. चूल, एक खाट, एक ट्रंक आणि भिंतीला टेकवलेली हातभर जास्तच लांब काठी. आम्ही शाळेत असताना घंटा तेच वाजवायचे. उशीर झाला की मला दरवाज्यातच अडवायचे आणि विचारायचे, "काऊन बे, जहागीरदार आता उठले का?" पुढे मी त्याच शाळेत मास्तर म्हणून परत आलो तेव्हा पहिल्या दिवसापासून ते मला 'तुम्ही' म्हणायला लागले. मी दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, खुर्चीले मान द्या लागते.

आता मातीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे.

आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. लाकडं, त्यावर काड्या आणि वर मातीचा जाड थर. त्या थराला गढीची पांढरी माती लागते. काळी माती भेगाळते, पांढरी पाणी धरून ठेवत नाही, सरळ पन्हळीकडे लावते. म्हणून पाडवा झाला की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, गावातली घरं गढीवरून माती न्यायची. ती वाट्टेल तिथून नेता येत नसे. जागा आबा दाखवायचे. आधी त्यांच्या वडिलांनी दाखवली, त्याआधी आज्याने. काठी घेऊन ते महालाच्या ढिगावर चढायचे, इकडे तिकडे टोचून पाहायचे आणि एका ठिकाणी रेघ ओढायचे. त्या वर्षी त्या रेघेच्या आतच खणायचं. पहिली पाटी मारुतीच्या ओट्याला, मग ज्याचं त्याचं. त्यांचं एक म्हणणं होतं: गढीची माती तिच्या पोटातून घ्यावी, पायातून घेऊ नये. पोट म्हणजे पडका महाल. पाय म्हणजे भिंती आणि बुरुज.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तो मोडल्याचंही कोणी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी तालुक्यात सुंदर शाळेची स्पर्धा होती. आमच्या नव्या शाळेचं पटांगण काळ्या रानातलं. पहिल्या पावसात मुलं प्रार्थनेला उभी राहिली की चपला चिखलात राहायच्या आणि मुलं पुढे जायची. पटांगणावर पांढरी माती पसरून चोपली तर ते फरशीसारखं होईल हे मला माहीत होतं. मुलांची सोय होणार होती हे खरं आहे. पण मी मुख्याध्यापक होऊन दोनच वर्षं झाली होती आणि मला बक्षीस हवं होतं, हेही तितकंच खरं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला फक्त पहिलं कारण सांगत आलो.

मी आबांकडे गेलो. ते म्हणाले, घ्या ना, पण ढिगातली घ्या, आणि पाट्यांनी बाहेर काढा, दरवाज्यातून ट्रॅक्टर येत नाही. मी हो म्हणालो. चार दिवसांनी ते लेकीच्या बाळंतपणासाठी सुलतानपूरला गेले. परीक्षक येण्याला आठवडा उरला होता. पाट्यांनी माती काढायला माणसं मिळेनात. उत्तरेकडचा बुरुज नाल्याच्या बाजूला, बाहेरून मोकळा. तिथले पायाचे दगड कोणीतरी कधीच उचलून नेले होते आणि मागची पांढरी माती उघडी पडली होती. ट्रॅक्टर थेट टेकत होता.

रविवारी दुपारी बाहेरगावचा ट्रॅक्टरवाला आणि त्याची दोन माणसं घेऊन मी तिथे गेलो. एप्रिलच्या उन्हात नाल्याकडे कोणी फिरकत नाही. दोन ट्रॉल्या भरल्या. बुरुजाच्या पायथ्यात माणूस वाकून उभा राहील एवढी खोबण झाली. ट्रॅक्टरवाल्याने एकदा विचारलं, "मास्तर, हे वरचं खाली त नाही येणार?" मी म्हणालो, तीनशे वर्षं उभं आहे. तो आकडाही मी तिथल्या तिथे ठोकून दिला.

आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र माझ्या खुर्चीमागे लागलं.

बुरुज त्या पावसाळ्यात पडला नाही, पुढच्या पावसाळ्यात पडला. श्रावणात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी मोठा आवाज झाला आणि अर्धा बुरुज नाल्यात गेला, अर्धा खालच्या एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर. गंजी दबली, माणूस-जनावर वाचलं. पण मुलांची शाळेला यायची पाऊलवाट तिथूनच जात होती, त्यामुळे गाव घाबरलं.

चार दिवसांनी ग्रामसभा झाली. पायथ्याची खोबण पडझडीतही दिसत होती. कोणीतरी म्हणालं, वीटभट्टीवाल्यांना माती विकली. कोणी विकली, हे कोणी बोललं नाही, सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा मागे भिंतीशी उकिडवे बसले होते. ते एवढंच म्हणाले की मी तिथली माती कोणाले दाखवली नाही. त्यावर एक जण हसला आणि म्हणाला, "मंग काय मुंगळ्यायनं नेली का आबा?"

सरपंचांनी मला विचारलं. गावात मी शिकलेला, जुन्या गोष्टींचा जाणता. "मास्तर, तुम्ही सांगा. कोणी खणलं असंन?"

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी काय सांगू? जागा तर आबाच दाखवतात."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते मी बोलू शकलो. माझ्यातल्या मास्तराने शब्द बरोबर निवडले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ताबडतोब खाली बसलो होतो.

त्या सभेने गढी धोक्याची ठरवली. दरवाज्याला कुलूप लागलं आणि आबांना देवडी सोडायला सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. लेकीकडे सुलतानपूरला गेले. ट्रंक सायकलवर बांधून नेताना त्यांना मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. वर्गात मुलं बेरीज करत होती. मी बाहेर गेलो नाही. त्यानंतर गढीवर जागा दाखवणारं कोणी राहिलं नाही, आणि गावात स्लॅब आणि पत्रे आल्यामुळे विचारणारंही फारसं राहिलं नाही. ज्यांना माती हवी ते भिंतीवरून उडी मारून वाट्टेल तिथून नेऊ लागले. पश्चिमेची भिंत अशीच गेली.

फलकाचं काम दोन वर्षांपूर्वी निघालं. पंचायतीला वाटलं, लोणारला जाणारे प्रवासी थांबतील. कोणी थांबत नाही. मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. बुरुज पडल्याचं मी सोडून देऊ शकलो असतो. पण त्या वेळी वाटलं, सोडलं तर कोणी विचारेल, का सोडलं. एकदा बोललेलं खोटं माणूस किती नेटाने सांभाळतो ते मला तेव्हा कळलं. मी 'राखणदाराच्या दुर्लक्षामुळे' लिहिलं आणि शुद्धलेखन दोनदा तपासलं.

गेल्या दिवाळीनंतर एक मुलगी घरी आली. आबांची नात. ज्या बाळंतपणासाठी आबा त्या एप्रिल महिन्यात सुलतानपूरला गेले होते, त्याच वेळी जन्मलेल्या भावाची थोरली बहीण. आता बुलढाण्याला नर्सिंग शिकत होती. साखरखेर्ड्याला मैत्रिणीकडे आली होती, तिथून मुद्दाम गढी पाहायला आली, आणि फलक वाचून विचारत विचारत माझ्या दारात. बायकोने चहा ठेवला. मुलीने चहा घेतला नाही.

ती म्हणाली, "सर, ते तुम्ही लिहिलं का?"

मी म्हणालो, हो, पण गावात तसंच सांगतात.

"आबा वेगळं सांगते," ती म्हणाली. मग स्वतःलाच दुरुस्त करत, "म्हणजे सांगत त नाहीच. मी विचारलं होतं एकदा. म्हणे, मास्तरले विचारजो, त्यायले ठाऊक हाये."

ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली की आबा आता ऐंशीच्या पुढे गेले, कुठे जात नाहीत, पण गावाचं कोणी भेटलं की अजून विचारतात, यंदा माती कुठून काढली. मग ती गेली. बायकोने तिचा गार झालेला चहा ओतून दिला. रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं.

दोन महिने मी काही केलं नाही. रोज ठरवायचो. संक्रांतीनंतर एका सकाळी सुलतानपूरच्या गाडीत बसलो, तेही डोकं दुखतं म्हणून रजा टाकून. खरं सांगायला निघालो आणि निघताना एक खोटं सोडून आलो.

आबांची लेक आणि जावई भाजीपाल्याची शेती करतात. मळ्यातल्या झोपडीपुढे आबा पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. बोटं वाकडी झाली होती, पण जुडी नीट बसत होती. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. लेकीला म्हणाले, मास्तर आले, पाणी आण. मग मला म्हणाले, बसा.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, रविवार, दोन ट्रॉल्या, ग्रामसभेतलं ते वाक्य. ते जुड्या बांधत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मले ठाऊक व्हतं."

"कधीपासून?"

"सुलतानपूरहून आलो त्याच दिवशी. नाल्याकडून चाकोरी तुमच्या शाळेपर्यंत गेली व्हती. पटांगणावर पाय ठेवला तं ढिगातली माती नोहे, कळलं. ढिगातल्या मातीत राख लय राह्यते. बुरुजाची चिकट."

"मग तुम्ही बोलले का नाही आबा?"

त्यांनी पहिल्यांदा हातातली जुडी खाली ठेवली. "बोलून पाह्यलं ना. सभेत म्हणलं, मी दाखवली नाही. हसले लोक. पुढं तुमचं नाव घेतलं असतं तं काय झालं असतं? तुम्ही मास्तर, मी दरवान. म्हणले असते, म्हातारा आता मास्तरवर ढकलून राह्यला." त्यांनी जुडी पुन्हा उचलली. "मले वाटलं, तुम्ही सांगान. त्या दिवशी तुम्ही उभे राह्यले ना, तवा मले वाटलं, आता सांगते हा."

मला हात जोडायचे होते. मी जोडले. म्हणालो, आबा, मला माफ करा.

त्यांनी मान हलवली, पण होकाराची नाही. "इथं काय माफी मांगता? इथं मेथी हाये. इथं कोणी मले चोर म्हणलं नाही."

मी विचारलं, मग काय करू? ते म्हणाले, चोर म्हणून जिथं बसवलं तिथून उठवा. मी त्यांना ग्रामसभेला घेऊन जायला येतो म्हणालो, गाडी करून. त्याला ते नाही म्हणाले.

"मी आलो तं लोक माह्याकडं पाह्यतीन, म्हातारा कसा झाला म्हून. त्यायनं तुमच्याकडं पाह्यलं पाह्यजे."

निघताना लेकीने मेथीच्या चार जुड्या पिशवीत घातल्या. मी नको म्हणत होतो. आबा म्हणाले, नेऊ द्या, घरी बाई विचारंन कुठं गेलते म्हून. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, देव जाणे. घरी गेल्यावर मी बायकोला पिशवी दिली आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ मेथी निवडत बसली. मग म्हणाली, सभा कधी आहे?

सभा प्रजासत्ताक दिनाची, पंचायतीच्या पुढच्या मांडवात. नळ, घरकुल, रस्त्यावरचे दिवे, असं सगळं नेहमीप्रमाणे चाललं. माणसं कंटाळून उठायच्या बेतात होती. आबांची नात मागच्या बायकांत येऊन बसली होती. मी तिला कळवलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. मी हात वर केला. सरपंच आता नवे आहेत, माझेच विद्यार्थी. म्हणाले, बोला सर, शाळेचं काही?

मी म्हणालो, शाळेचं नाही, गढीचं. आणि बुरुज कसा पडला ते सांगितलं. मधे थांबलो नाही. उठायला निघालेले परत बसले. पुढे बसलेले एक वयस्क गृहस्थ, आबांना मुंगळ्यांचं बोलणारे तेच, मला समजावायच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या ना मास्तर, जुनी गोष्ट झाली. तुम्ही काय सोतासाठी थोडीच नेली माती? लेकरांसाठीच नेली."

ही पळवाट मी बारा वर्षं वापरली होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती किती सोपी वाटली. थकवा इतका होता की क्षणभर वाटलं, घ्यावी आणि बसावं. मी मागे पाहिलं. मुलगी माझ्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती वाट पाहत होती.

मी म्हणालो, "स्वतःसाठीच नेली. मला बक्षीस पाहिजे होतं. आबांनी ती जागा कधीच कोणाला दाखवली नाही. त्यांनी मला ढिगातली माती घ्या म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. याच सभेत मी त्यांच्यावर ढकललं, मग फलकावर लिहिलं. त्यांचं घर माझ्यामुळे गेलं. आबांनी दुर्लक्ष केलं नाही, चोरी केली नाही. ते मी केलं. मी त्यांची माफी मागतो. त्यांच्या नातीची मागतो. आणि इतकी वर्षं तुम्ही मला खुर्ची देत आलात, म्हणून तुमचीही मागतो."